राजदूत व्हायचंय, पण त्याआधीच्या वीस वर्षांचं काय?

विज्ञानाच्या पदवीचं शेवटचं वर्ष, नागरी सेवा परीक्षेची तयारी नुकतीच सुरू झालेली, आणि राजदूतच व्हायचं हे मनात पक्कं. किती वर्षं लागतील, मराठी माध्यम आड येईल का आणि या नोकरीत संसार जमतो का, असं तुम्ही विचारलंय. मी परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेली अधिकारी आहे. शेवटच्या काळात राजदूत म्हणूनही काम केलं, त्यामुळे जे पाहिलं-केलं त्यातूनच सांगते.

आधी वर्षांचा हिशेब. सेवेत रुजू झाल्यापासून साधारण पंधरा ते वीस वर्षांनी एखाद्या लहान देशातल्या दूतावासाचं प्रमुखपद मिळू शकतं. वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग अशा राजधान्यांसाठी तीस वर्षांचा अनुभव सहसा लागतो, म्हणजे निवृत्तीचं साठावं वर्ष दिसायला लागलेलं असतं. यात बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: कितव्या वर्षी सेवेत आलात, कोणती भाषा मिळाली, कोणती पदं कधी रिकामी झाली, सरकारला त्या वेळी कोणत्या देशात कसा माणूस हवा होता. शिवाय काही नेमणुका सेवेबाहेरच्या व्यक्तींच्याही होतात. १९४७ साली विजयालक्ष्मी पंडित मॉस्कोला गेल्या, औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इटली अशा देशांत राजदूत झाले. दोघंही परीक्षा देऊन आलेले नव्हते. पण आज तुमच्यासमोरचा खात्रीचा रस्ता नागरी सेवा परीक्षेतूनच जातो, आणि त्यातून दरवर्षी परराष्ट्र सेवेत येणाऱ्यांची संख्या फार थोडी असते.

मला मात्र तुमच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दिसतो. राजदूत होण्याआधीची जी पंधरा-वीस वर्षं आहेत, त्यातलं काम तुम्हाला मनापासून आवडेल का? कारण ती वर्षं म्हणजे नुसतं वाट पाहणं नाही. राजदूताकडे स्वतःचं भांडवल एकच असतं, त्याच्या शब्दावरचा विश्वास. हा विश्वास दोन्ही बाजूंचा असावा लागतो. तो जे बोलतो तेच दिल्लीचं म्हणणं आहे, असं यजमान देशाला वाटलं पाहिजे. आणि तो जे लिहून पाठवतो तसंच तिथे घडतंय, असं दिल्लीला वाटलं पाहिजे. यातली एक बाजू ढासळली की मोटारीवर झेंडा फडकत राहतो, पण त्या माणसाचा उपयोग संपतो. हा विश्वास नेमणुकीच्या पत्राबरोबर मिळत नाही. तो कनिष्ठ पदावर असताना, कोणाचं लक्ष नसताना जमा होत जातो.

सुरुवात कशी होते ते सांगते. मसुरीच्या लालबहादूर शास्त्री अकादमीत इतर सेवांबरोबर पायाभूत अभ्यासक्रम, मग दिल्लीत परराष्ट्र सेवेच्या संस्थेत प्रशिक्षण. १९८६ साली स्थापन झालेल्या या संस्थेला २०२० पासून सुषमा स्वराज यांचं नाव आहे. त्यानंतर प्रत्येकाला एक परकी भाषा दिली जाते, अरबी, चिनी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी यांसारखी, आणि तिसरा सचिव म्हणून ती भाषा शिकायला परदेशी पाठवलं जातं. भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत.

ही भाषा तुमच्या कारकिर्दीची अर्धी दिशा ठरवते. विजय गोखले यांचं उदाहरण घ्या. चिनी भाषेचे जाणकार, १९८९ साली तिआनआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन लष्कराने चिरडलं तेव्हा ते बीजिंगमध्ये कनिष्ठ पदावर होते. पुढे त्याच शहरात राजदूत झाले आणि २०१८ मध्ये परराष्ट्र सचिव. तरुणपणी एखाद्या समाजात राहून, तिथल्या लोकांच्या भाषेत वर्तमानपत्र वाचून जे कळतं, त्याला नंतर पर्याय नसतो. राजदूत झाल्यावर तुम्ही तिथल्या मंत्र्यांना भेटता. पण तिथला रस्ता, बाजार, तरुण मुलं काय बोलतात, हे फक्त तिसऱ्या सचिवालाच ऐकू येतं, कारण त्याच्यासमोर कोणी सावरून बसत नाही.

पुढचा क्रम म्हणजे दूतावासात दुसरा सचिव, पहिला सचिव, समुपदेशक (काउन्सेलर), मंत्री (हा हुद्दा आहे, राजकारणातला मंत्री नव्हे), आणि मधेमधे दिल्लीत अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव. परदेशात साधारण तीन वर्षं, खडतर ठिकाणी दोन, असं फिरत राहायचं. दिल्लीतल्या वर्षांकडे बरेच जण शिक्षा म्हणून पाहतात. मला ते अजिबात पटत नाही. परराष्ट्र मंत्रालयात एखाद्या देशाचं डेस्क सांभाळताना कळतं की निर्णय कसा होतो, वित्त विभाग कुठे अडतो, गृह आणि वाणिज्य मंत्रालयांचं म्हणणं का वेगळं असतं. ज्याला हे माहीत नसतं तो राजदूत परदेशात असं आश्वासन देऊन बसतो, जे दिल्लीत कोणीच पूर्ण करू शकत नाही. असं दुसऱ्यांदा झालं की यजमान देश त्याचं म्हणणं मनावर घेणं सोडून देतो.

आता त्या कामाबद्दल सविस्तर सांगते, ज्याबद्दल बाहेर कोणी बोलत नाही आणि माझ्या मते ज्याच्यावर सगळं उभं आहे. ते म्हणजे भेटीचा वृत्तांत लिहिणं. दोन देशांची माणसं भेटतात, तासभर बोलणं होतं, कोपऱ्यात बसलेला कनिष्ठ अधिकारी टिपणं घेतो आणि त्याच संध्याकाळी वृत्तांत दिल्लीला जातो. ऐकायला कारकुनी वाटतं. पण त्यात तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवाव्या लागतात: समोरचा काय म्हणाला, आपण काय म्हणालो, आणि त्यावरून आपल्याला काय वाटतं. तिसरी गोष्ट पहिलीत मिसळली की घोटाळा होतो. समोरचा अधिकारी म्हणाला, ‘आम्ही या प्रस्तावाचा विचार करू.’ वृत्तांतात जर ‘प्रस्तावाला त्यांचा प्रतिसाद अनुकूल होता’ असं आलं, तर दिल्ली त्या वाक्यावर पुढची इमारत बांधते. सहा महिन्यांनी ती कोसळते तेव्हा पहिली वीट कुठे चुकली ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांना मी नेहमी एक सवय लावायचे. समोरच्याने विषय बदलला तर तेही लिहायचं. उत्तर द्यायला तो थांबला असेल, शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिलं असेल, तर तेही लिहायचं. आणि आपल्याला नको असलेलं उत्तर आलं असेल तर ते सगळ्यात वर लिहायचं. दिल्लीला गोड वाटेल असं लिहिण्याचा मोह फार मोठा असतो, कारण वाचणारा तुमचा वरिष्ठ असतो आणि पुढची बदलीही तोच सुचवणार असतो. जो अधिकारी हा मोह टाळतो त्याचं नाव हळूहळू पसरतं. पंधरा वर्षांनी एखाद्या अवघड देशात कोणाला पाठवायचं याची चर्चा होते, तेव्हा हे नाव आठवतं.

दुसरं तितकंच महत्त्वाचं काम म्हणजे कॉन्सुलर विभाग. पासपोर्ट, व्हिसा, तुरुंगातल्या भारतीयांच्या भेटी, मालकाने कागदपत्रं काढून घेतलेले कामगार, परदेशात मृत्यू झालेल्यांचं पार्थिव घरी पाठवणं. परीक्षेत वरचा क्रमांक मिळवून आलेल्या काही जणांना हे काम खालचं वाटतं. आखाती देशात काम करताना मी रोज पाहिलं आहे की एक पार्थिव पाठवायला मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, कंपनीची थकबाकी चुकती केल्याची कागदपत्रं, पार्थिव जतन केल्याचं प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि दूतावासाचं ना-हरकत पत्र हे सगळं जुळून यावं लागतं. यातला एक कागद कमी पडला तर गावाकडे एक कुटुंब वाट पाहत बसतं. फोनवर त्या घरच्या माणसाशी कोणी बोलायचं? तुम्हीच. त्या क्षणी त्या कुटुंबासाठी भारत सरकार म्हणजे फोनवरचा तुमचा आवाज असतो. या कामाची ओढ नसेल तर राजदूतपदाची ओढ धरू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

कॉन्सुलर काम किती खोल जातं हे पाकिस्तानात अटकेत असलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. परदेशात अटक झालेल्या नागरिकाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू देणं, हे कॉन्सुलर संबंधांबद्दलच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं छत्तिसावं कलम. एरवी ते तुरुंगभेटीच्या अर्जावर लिहिलं जातं. त्याच कलमाच्या आधारे भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्तानने त्याचा भंग केल्याचं न्यायालयाने म्हटलं. तसंच संकटकाळातल्या सुटकांचं. १९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. २०१५ मध्ये येमेन, २०२२ मध्ये युक्रेन, २०२३ मध्ये सुदान. टीव्हीवर विमानं दिसतात. पण त्याआधी कोणीतरी रात्रभर याद्या करतं, बस शोधतं, सीमेवरच्या चौकीतल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलतं. आपले लोक कुठे राहतात याची यादी शांततेच्या काळात ज्या दूतावासाने अद्ययावत ठेवली असेल, त्याची माणसं लवकर निघतात.

मग एक दिवस नाव निश्चित होतं. सरकार ठरवतं, पण लगेच जाहीर करत नाही. यजमान देशाची संमती गुप्तपणे मागितली जाते, तिला आग्रेमां म्हणतात. राजनैतिक संबंधांबद्दलच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार ती नाकारता येते आणि नकाराचं कारण देण्याचं बंधन नसतं. म्हणून संमती येईपर्यंत घरच्यांनाही फार सांगायचं नसतं. तिथे पोहोचल्यावर राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र तिथल्या राष्ट्रप्रमुखाला सादर करावं लागतं. ते होईपर्यंत तुम्ही नियोजित राजदूत, बऱ्याच भेटीगाठी थांबलेल्या. राष्ट्रकुलातल्या देशांत याच पदाला उच्चायुक्त म्हणतात. एका राजधानीत शंभर राजदूत असले तरी मान देशाच्या आकारावर ठरत नाही, पदाची सूत्रं आधी घेतलेला पुढे. ही तारखेची पद्धत १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने घालून दिली, कारण त्याआधी कोण पुढे बसणार यावरून युरोपातल्या दरबारांत खरीखुरी भांडणं होत. मला ही पद्धत मनापासून आवडते. लहानशा बेटाचा राजदूत महासत्तेच्या राजदूताच्या पुढे उभा राहतो, तेव्हा सार्वभौम समानता डोळ्यांना दिसते.

राजदूत झाल्यावर दिवस कसा जातो? सकाळी तिथली वर्तमानपत्रं आणि दिल्लीचे संदेश. मग यजमान परराष्ट्र मंत्रालयात एखादी भेट, एखादा उद्योजकांचा गट, भारतीय समाजाची तक्रार, संध्याकाळी कोणत्या तरी देशाचा राष्ट्रीय दिन. मधल्या वेळात इमारतीची गळती, स्थानिक कर्मचाऱ्यांचे पगार, लेखापरीक्षणाचे शेरे. मंत्र्यांचा किंवा पंतप्रधानांचा दौरा ठरला की महिनाभर दुसरं काही सुचत नाही. संध्याकाळचे समारंभ लोकांना ऐषाराम वाटतात. प्रत्यक्षात ती उभ्याने केलेली दुसरी पाळी असते. कार्यालयात जे उत्तर आठ दिवसांत मिळत नाही, ते तिथे एका वाक्यात मिळतं, आणि परत येऊन तेही लिहून पाठवायचं असतं.

राजनैतिक संरक्षणाबद्दलही गैरसमज आहे. १९६१ च्या त्याच व्हिएन्ना कराराच्या प्रस्तावनेत स्पष्ट म्हटलंय की या सवलती व्यक्तीच्या फायद्यासाठी नाहीत, काम नीट व्हावं म्हणून आहेत. त्या तुमच्या देशाच्या मालकीच्या आहेत आणि देश त्या काढून घेऊ शकतो. यजमान देशाचे कायदे पाळणं आणि त्याच्या अंतर्गत कारभारात न पडणं हे तुमचं कर्तव्यच आहे. आणि तो देश कोणतंही कारण न देता तुम्हाला ‘नकोशी व्यक्ती’ ठरवून परत पाठवू शकतो. पुष्कळदा त्यात तुमची वैयक्तिक चूक काहीच नसते. दोन सरकारं एकमेकांवर रागावलेली असतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर टाकून सामान बांधावं लागतं.

सगळ्यात अवघड भाग मला विचाराल तर न पटणारी भूमिका मांडणं. लोकशाहीत सरकारं बदलतात, धोरणं बदलतात. तुम्हाला एखादं धोरण चुकीचं वाटेल. तेव्हा दिल्लीला स्पष्ट, कारणांसह, न घाबरता लिहावं. ते तुमचं कामच आहे, आणि चांगल्या वरिष्ठांना ते हवं असतं. पण निर्णय झाला की यजमान देशासमोर तो पूर्ण ताकदीने मांडायचा. ‘माझं वैयक्तिक मत वेगळं आहे’ असं डोळे मिचकावून सुचवणारा राजदूत समोरच्याला त्या क्षणी आवडतो, पण त्यानंतर त्याचा शब्द हा देशाचा शब्द राहत नाही. स्वतःची मतं जाहीरपणे मांडता येणं ज्याला श्वासासारखं गरजेचं वाटतं, त्याने पत्रकारिता, अध्यापन किंवा राजकारण निवडावं. तिथेही देशाची सेवा होते.

आता संसाराबद्दल. इथे मी गोड बोलणार नाही. या सेवेत आधी आलेल्या स्त्रियांनी जे झेललं ते तुम्हाला माहीत असावं. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये या सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या काळच्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे आणि लग्नानंतर संसार कामाच्या आड येतो असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला लावता येई. पुरुषांना असलं काही नव्हतं. हंगेरीत राजदूत राहिलेल्या मुथम्मांना पुढची बढती नाकारली गेली, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नियमांवर कडक ताशेरे ओढले. तोवर सरकारने त्यांना बढती दिली होती आणि ते नियम मागे घ्यायची तयारी दाखवली होती. माझ्या पिढीचा रस्ता त्यांनी मोकळा केला. नियम गेले, अडचणी मात्र काही राहिल्या. जोडीदाराला परदेशात नोकरी करायची तर यजमान देशाची परवानगी लागते, कुठे दोन देशांत तसा करार असतो, कुठे नसतो. माझ्या नवऱ्याने स्वतःच्या कामात दोनदा नव्याने सुरुवात केली. मुलं दर तीन वर्षांनी शाळा, मित्र, कधी अभ्यासाची भाषाही बदलतात. काही मुलं त्यातून खुलतात, काही मिटतात. आणि आई-वडील आजारी असतात तेव्हा तुम्ही दोन विमानं बदलण्याइतक्या लांब असता. लग्न ठरवण्याआधी हे सगळं जोडीदारासमोर मांडा. परदेशी नागरिकाशी लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

धोकाही आहे. पुण्यातल्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो लोक जातात. तो रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा आहे. ते बर्मिंगहॅममधल्या भारतीय वकिलातीत अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये दहशतवाद्यांनी अपहरण करून त्यांची हत्या केली. ७ जुलै २००८ रोजी काबूलमधल्या आपल्या दूतावासावरच्या हल्ल्यात व्यंकटेश्वर राव आणि ब्रिगेडियर रवी दत्त मेहता गेले. ज्या शहरात असं घडू शकतं तिथेही कोणीतरी आनंदाने जाऊन काम करतं, आणि त्यातले बरेच जण तरुण असतात.

राहिला मराठी माध्यमाचा प्रश्न. इंग्रजीचा सक्तीचा पात्रता पेपर सोडला तर मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. रोजचं काम मात्र इंग्रजीत चालतं, ते टाळता येणार नाही. पण तिथे फर्ड्या उच्चारांना महत्त्व नाही. छोटी, नेमकी, दोन अर्थ न निघणारी वाक्यं लिहिता आली पाहिजेत, आणि ती सरावाने येतात. विज्ञान शिकल्याचा तर तुम्हाला फायदाच आहे. निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे लिहायचं वळण प्रयोगवहीने लावलेलंच असेल. हवामान, अणुऊर्जा, अवकाश, लसी अशा विषयांवरच्या वाटाघाटींत तुमच्यासारख्यांची गरज वाढतेच आहे.

अर्जात सेवांचा पसंतीक्रम भरायची वेळ येईपर्यंत तुमच्याकडे थोडा अवधी आहे. त्या काळात एक करून पाहा. आठवड्यातून एकदा कोणाशी तरी गंभीर विषयावर अर्धा तास बोला, शक्यतो तुमच्याशी मतं न जुळणाऱ्या माणसाशी. घरी येऊन त्याचं म्हणणं एका पानात इंग्रजीत लिहा, आणि ते पान त्यालाच दाखवा. ‘हो, मी हेच म्हणालो होतो’ असं तो म्हणेपर्यंत पुन्हा लिहा. काही महिन्यांनी हे काम कंटाळवाणं वाटत असेल तर प्रशासकीय किंवा दुसरी एखादी सेवा वर टाका, त्यात कमीपणा काहीच नाही. आणि त्यात रस वाढत गेला तर परराष्ट्र सेवा पहिल्या क्रमांकावर लिहा.